हिवाळ्यात खेळणं, पावसाळ्यात पुरावा

माझ्या दुकानात येणाऱ्या माणसाला मशीन दुरुस्त करून हवं असतं असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कारखान्यांच्या गावात राहिलेला नाहीत. इथे माणूस मशीन घेऊन येतो, ते बहुतेक वेळा ते बरोबर चालतंय म्हणून. बरोबर चालणं हाच त्याचा बिघाड.

मी महाडात मोजमापाची उपकरणं दुरुस्त करते. आयटीआयला ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक’ हा ट्रेड घेतला तेव्हा वर्गात मुलगी मी एकटीच. पुढे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी केली, आणि तो बंद पडल्यावर बाजारपेठेत गाळा घेतला. दाबाचे काटे, तापमापक, वजनकाटे आणि हवा मोजायची यंत्रं. आजही नवीन गिऱ्हाईक पायरीवर उभं राहून विचारतं, “मिस्त्री कुठे गेलेत?” पूर्वी मी खुलासा करायचे. आता “जेवायला गेलेत” म्हणते. ते बिचारं बाकावर बसून वाट बघतं, मी त्याच्यासमोर त्याचंच मशीन खोलते.

हवा कशी मोजतात ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सरकारमान्य मोठं यंत्र असतं, त्यात पंप असतो. पंप हवा ओढतो, हवा गाळणकागदातून जाते, धूळ कागदावर बसते. कागदाचं वजन आधी करायचं आणि नंतर करायचं. किती हवा ओढली ते माहीत, किती धूळ बसली ते माहीत, झालं काम. पंप सांगतो तेवढी हवा खरंच ओढतो का, हे तपासणं माझ्याकडे. दुसरं छोटं यंत्र असतं, चहाच्या डब्याएवढं. आत इवलासा पंखा आणि लेझरचा किरण. किरणापुढून धुळीचा कण गेला की चमकतो, त्या चमकांवरून यंत्र आकडा काढतं आणि तो मोबाईलवर दिसतो. हे यंत्र स्वस्त, चपळ आणि थोडं भोळं. धुक्याचा थेंबसुद्धा त्याला धूळच वाटतो. वास मात्र या दोघांनाही कळत नाही. नाक अजून फक्त माणसाला आहे, आणि नाकाला सरकारी मान्यता नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. पोलादपूरच्या पुढे घाटाच्या तोंडाशी हॉटेल काढलेले एक गृहस्थ होते. ‘शुद्ध हवेत राहा’ अशी पाटी, आणि काउंटरवर हवा दाखवणारा छोटा डबा. संध्याकाळी तंदूर पेटला की डबा लाल व्हायचा.

“हा हिरव्याच्या पुढे जाणार नाही असं काही करता येईल का?” त्यांनी विचारलं.

“तंदूरचं धुराडं उंच करा.”

“धुराड्याने हॉटेलची शोभा जाते हो.”

“मग डब्यावर हिरवी काच बसवा.”

मी चेष्टेत बोलले. ते गंभीरपणे म्हणाले, “तशी काच कुठे मिळेल?”

एका कारखान्याचे सुरक्षा अधिकारी यायचे. त्यांची भाषा डॉक्टरची. “मॅडम, मशीन फार उत्तेजित होतंय. जरा शांत करून द्या.” मी सांगायचे, त्याच्या शांतीचं औषध तुमच्या चिमणीत आहे. ते हसायचे आणि मशीन दुसरीकडे न्यायचे. जिथे न्यायचे तिथे ते शांत होऊन यायचं, हेही मला ठाऊक आहे.

कमलताई माझ्याकडे आल्या त्या असल्याच गिऱ्हाइकांच्या गर्दीत. वसाहतीच्या कुंपणाला लागून एक गाव आहे. गाव वर टेपावर, बौद्धवाडी खाली उतारावर, आणि वाडीच्या डोक्यावर एका कारखान्याचा कोळशाचा बॉयलर. कमलताई वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस. पन्नाशीच्या, अंगाने किरकोळ, आवाज मात्र बाजाराच्या दिवशीचा. त्यांनी पिशवीतून जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधलेला डबा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

“ताई, ह्याला काय झालाय बगा. बोलतच नाय तो.”

“तुमच्याकडे कसा आला हा?”

“मुंबयची पोरा आलती. एकसारके शर्ट घालून. ही हवा तुमची, तुमीच मोजा म्हनली. फोटो काडले, वडापाव खाल्ला नि गेली. परत कोन आला नाय.”

मी डबा खोलला. हवा आत घेणाऱ्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घरटं बांधलं होतं. मुंबईच्या पोरांनी वाडीला सक्षम केलं होतं, पण भोकाला जाळी लावायला विसरली होती. मी घरटं काढलं, पंखा पुसला, मच्छरदाणीचा तुकडा लावला. डबा चालू झाला. कमलताईंनी मोबाईलवर आकडा बघितला आणि पहिलंच विचारलं, “हा खरा बोलतो काय?”

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ‘कमी दाखवेल का’ असं विचारायचे सगळे.

मी वाडीत गेले. थंडीच्या दिवसांत आमच्या खोऱ्यात सकाळची गार हवा तळाशी बसून राहते आणि धुराला वर जाऊ देत नाही. बॉयलरचा धूर उताराने वाडीत उतरतो. अंगणवाडीच्या खिडक्या बंद होत्या. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं तर राखेची रेघ उठली. कमलताई सकाळी मुलं यायच्या आधी फडका मारतात, खाऊच्या वेळी पुन्हा मारतात. मुलांत सानवी नावाची एक चिमुरडी होती. थंडी पडली की तिची छाती वाजायची. दवाखान्याच्या फेऱ्यांना कंटाळून आईने तिला उमरठकडे मामाच्या घरी पाठवायचं ठरवलं होतं, होळीपर्यंत. आई इथे कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासणार आणि पोर डोंगरात मामीच्या पदराला. आपल्याकडे बाई माहेरी जाते ती माया मिळावी म्हणून. हे पोर आजोळी चाललं होतं श्वास मिळावा म्हणून.

सरकारी यंत्र नव्हतं असं नाही. ते वसाहतीच्या अगदी वरच्या टोकाला एका कार्यालयाच्या गच्चीवर होतं. तिथे वीज जात नाही, जिना रुंद आहे आणि खाली चहा मिळतो. धूर तिकडे जात नाही, एवढीच काय ती उणीव. तिथल्या आकड्यांवरून आमची हवा वर्षानुवर्षं ‘समाधानकारक’ होती. कुणाचं समाधान, ते यंत्र सांगत नाही.

डबा भोळा आहे हे मला माहीत होतं. म्हणून मी प्रदूषण खात्याच्या साहेबांकडे गेले. साहेब अतिशय गोड माणूस. चिडत नाहीत, नाही म्हणत नाहीत आणि काही करतही नाहीत. मी म्हटलं, “हा डबा थोडे दिवस तुमच्या मोठ्या यंत्राशेजारी ठेवू द्या. दोघांचे आकडे पडताळले की डबा कुठे चुकतो ते कळेल.”

“शासकीय यंत्राशेजारी खाजगी वस्तू ठेवता येत नाही, ताई.”

“मग तुमचं यंत्र वाडीत आणा.”

“ते हलवता येत नाही.”

शेवटी एका कॉलेजच्या विज्ञान विभागात गाळणकागदाचं यंत्र होतं, त्याच्याशेजारी डबा टांगला. धुक्याच्या सकाळी डबा थोडा जास्त बोलतो, हे खरं निघालं. ते मी वजा केलं. वजा करूनही वाडीतले सकाळचे आकडे मर्यादेच्या वरच राहिले. मी आणि कमलताई ते घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि डबा हातात घेऊन कौतुकाने फिरवला.

“छान आहे. पण हे खेळणं आहे हो. मुलांना विज्ञानाची गोडी लागते, त्या दृष्टीने उत्तम.”

कमलताई म्हणाल्या, “सायेब, वाडीतल्या पोरांना खेळनी हायत. श्वास नाय.”

साहेबांनी आमच्यासाठी चहा मागवला. चहा चांगला होता.

पावसाळा आला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे धुळीची काय बिशाद! मोबाईलवरचे आकडे उतरले, सानवी मामाकडून केव्हाच परत आली होती, अंगणवाडीच्या खिडक्या उघडल्या. सगळं विसरायचे दिवस. त्याच दिवसांत कारखान्याने दुसरा बॉयलर बसवायचं काढलं. त्यासाठी पर्यावरणाचा अहवाल लागतो आणि लोकांची सुनावणी लागते. अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवतात, कुणी वाचू नये म्हणून शक्यतो कपाटात. कमलताईंनी तो मागून घेतला आणि तडक माझ्या दुकानात आल्या. सारांश टेबलावर आपटला.

“माझा फोटू हाय त्यात!”

खरंच होता. ‘लोकसहभागातून हवेचे निरीक्षण’ असं प्रकरण, त्यात डबा हातात धरून हसणाऱ्या कमलताई. मुंबईच्या पोरांनी काढलेला आणि डब्याच्या आकड्यांसोबत नेटवर टाकलेला फोटो. खाली डब्याचे आकडे होते. फक्त पावसाळ्यातले. त्यावर निष्कर्ष असा की स्थानिक नागरिकांनी स्वतः केलेल्या मोजणीतही परिसरातील हवा उत्तम आढळली.

मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. इतक्या वर्षांत मी खोटे काटे पाहिले, फिरवलेले स्क्रू पाहिले, उपटलेल्या वायरी पाहिल्या. पण बाईचंच खरं बोलणं अर्धं कापून तिच्याच तोंडात कोंबलेलं पहिल्यांदा पाहिलं. यात एक आकडाही खोटा नव्हता. त्यामुळेच मला जास्त किळस आली.

सुनावणीला कंपनीने मांडव घातला होता. पंखे, केळी, पोहे, बाटलीबंद पाणी. व्यासपीठावर जिल्ह्याहून आलेल्या अध्यक्षबाई, शेजारी आमचे गोड साहेब, आणि अहवाल लिहिणारे पुण्याचे सल्लागार. सल्लागारांनी सुरुवातच “समतेच्या या भूमीत, चवदार तळ्याच्या पवित्र परिसरात” अशी केली. माझा अनुभव असा की, औद्योगिक भाषणात तळ्याचं नाव आलं की समजावं, आता आपल्याला काहीतरी गिळायला लावणार. मग टेपावरची काही मुलं बोलली. नोकऱ्या मिळतील, विस्तार व्हायलाच हवा. त्यांना मी दोष देत नाही. गावात दुसरं आहे काय? पण त्यांची घरं टेपावर आहेत, एवढंही त्यातल्या एकाच्या तोंडून निघालं नाही.

कमलताई उठल्या. माईक हातात घेतला आणि सल्लागारांकडे वळल्या.

“तळ्याचा नाव नका काडू. आमी दर मार्चला तळ्यावर जातो. तुमी कदी दिसला नाय.”

मांडवात हशा पिकला. सल्लागारही हसले. हसणं त्यांच्या फीमध्ये धरलेलं असावं.

“आता मला येवडाच सांगा. थंडीत आमी डबा घेऊन आलो तवा ह्या सायबांनी सांगितला, ह्या खेळना हाय. पावसाळ्यात तोच डबा तुमच्या पुस्तकात कसा गेला? थंडीत खेळना नि पावसात पुरावा, असा कसा?”

साहेब माईककडे झुकून म्हणाले, “आपल्या मुद्द्याची नोंद घेतली आहे.”

“नोंद नको. उत्तर द्या.”

“पुढचे वक्ते—”

“मी हललेली नाय अजून.”

माईक बंद झाला. कुणी केला ते दिसलं नाही, अशा वेळी दिसतही नाही. कमलताईंना माईकची गरज नव्हती, हे मी वर सांगितलंच आहे. त्या तसंच बोलत राहिल्या. सानवीचं सांगितलं, खिडक्यांचं सांगितलं. मागून कुणीतरी “बसा खाली” म्हणून ओरडलं. आता ही बाई एकटी पडणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात कडेला उभे असलेले हमीदभाई पुढे आले. हमीदभाई महाडचेच. ऐन उमेदीची वर्षं कुवेतला काढून त्या कमाईत त्यांनी ट्रक घेतले होते. याच कारखान्याच्या बॉयलरची राख त्यांचे ट्रक उचलायचे. त्यामुळे ते कंपनीच्या बाजूने बोलणार, असं सगळ्यांनी धरलं. साहेबांनी तर मान हलवून त्यांना प्रोत्साहनही दिलं.

“मॅडम,” ते अध्यक्षबाईंना म्हणाले, “मी राख वाहतो. माझा धंदा आहे तो. पण चिमणीतून जी जाते ती माझ्या ट्रकमध्ये येत नाही, ती या बाईंच्या घरात जाते. थंडीत सकाळी माझे ड्रायव्हर वाडीच्या रस्त्याला काच लावून घेतात. आपुन तर काच लावू, ही पोरं काय लावणार? बाई झूठ बोलत नाहीत. एवढंच.”

पोहे खाणाऱ्यांचे चमचेसुद्धा थांबले.

आता इथे अध्यक्षबाईंचं हृदय पाझरलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. त्यांना अलिबागला परत जायचं होतं आणि वाडीतल्या बाया एकेक करून उठून उभ्या राहायला लागल्या होत्या. अध्यक्षबाई वैतागून सल्लागारांना म्हणाल्या, “एकाच उपकरणाचे अर्धे आकडे कसे घेता तुम्ही? घ्यायचे तर दोन्ही ऋतूंचे घ्या, नाहीतर प्रकरणच काढा. लिहून घ्या हे इतिवृत्तात.” न्याय बऱ्याचदा असा मिळतो. कुणाला तरी उशीर होत असतो म्हणून.

सल्लागारांनी प्रकरण काढून टाकलं. फोटोही गेला. पण इतिवृत्तात ते वाक्य राहिलं, आणि त्यामुळे थंडीतल्या हवेचा प्रश्न वरपर्यंत गेला. दुसऱ्या बॉयलरला परवानगी मिळालीच. ती मिळणार नाही असं समजण्याइतकी मी दूधखुळी नाही. फक्त दोन अटी पडल्या. जुन्या चिमणीला राख अडवणाऱ्या कापडी पिशव्या बसवायच्या, आणि वाडीत सरकारमान्य यंत्र लावायचं. हमीदभाईंचं राखेचं काम पुढच्याच महिन्यात दुसऱ्याला गेलं. मी चौकशी करायला गेले तर म्हणाले, “जाऊ दे ताई. कुवेतला वाळू खाल्ली, इथे राख खाल्ली. आता जरा चिरे वाहतो.” बोलताना हसत होते. एक ट्रक विकावा लागला, हे त्यांच्या बेगमकडून कळलं.

यंत्र आलं. आपोआप मोजणारं आणि आकडे थेट सरकारी संकेतस्थळावर पाठवणारं. अंगणवाडीशेजारी जाळीच्या पिंजऱ्यात बसवलं, उद्घाटन झालं. नारळ कारखान्याच्या मालकांनी फोडला. गोड साहेबांनी भाषणात वाडीच्या जागरूकतेचं कौतुक केलं. ज्या बाईच्या डब्याला खेळणं म्हणाले होते तिलाच शाल दिली. कमलताईंनी ती शाल पिंजऱ्याच्या दाराला अडकवली आणि घरी गेल्या.

मग थंडी पडली. पिशव्या बसल्या होत्या खऱ्या, पण सकाळी बॉयलर पेटवताना त्या चालू असतात की नाही हे पिशव्यांनाच ठाऊक. सरकारी यंत्राचे आकडे चढले आणि डब्याच्या आकड्यांशेजारी जाऊन बसले. आता संकेतस्थळावर सगळ्यांना दिसायला लागलं. दोन-चार दिवस दिसलं. मग तिथे ‘माहिती उपलब्ध नाही’ असं यायला लागलं.

सकाळी मला फोन आला, साहेबांच्या कार्यालयातून. “वाडीतलं यंत्र बंद पडलंय. एकदा बघून या. पण घाई नाही हं. सवडीने.”

माझ्या धंद्यात ‘घाई नाही’ हे शब्द ऐकले की मी लगेच निघते. वाडीत पोचले तेव्हा पिंजऱ्याजवळ कंपनीने ठेवलेला राखणदार मोबाईल बघत होता. मी झाकण उघडलं, वायरी बघितल्या, पंप हाताने फिरवून बघितला. सगळं ठणठणीत. मग अंगणवाडीच्या भिंतीकडे बघितलं. मेन स्विच खाली होता.

मी तो वर केला. पंप घरघरला, पडदा उजळला.

राखणदार दचकून उभा राहिला. “ओ बाई! सोमवारपर्यंत रिपेरीत हाय असा सांगितलाय मला.”

“कुणी?”

त्याने मोबाईल खिशात टाकला.

“झाली रिपेरी,” मी म्हटलं.

मी हे सगळं कमलताईंना सांगितलं. मला वाटलं होतं त्या भडकतील, कार्यालयात जातील, पुन्हा चहा पिऊन येतील. त्यांनी वेगळंच केलं. अंगणवाडीतून प्लास्टिकची खुर्ची आणली, मेन स्विचच्या बरोबर खाली टाकली आणि मटार सोलायचं सूप मांडीवर घेऊन बसल्या. दुपारी त्यांच्या जागी सानवीची आई बसली. पोर त्या वर्षीही मामाकडेच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरीच बाई, स्वेटर विणत. ती सबंध थंडी ती खुर्ची रिकामी राहिली नाही. संकेतस्थळावरचा आकडाही पुन्हा गेला नाही. लाल तर लाल, पण रोज दिसत राहिला. शेवटी तो इतक्या जणांनी बघितला की बॉयलर पहाटेऐवजी उन्हं वर आल्यावर पेटवायचा आदेश निघाला.

मी गाळणकागद, किरण, पंप सगळ्यांवर विश्वास ठेवून म्हातारी झाले. स्विचखाली खुर्ची टाकायची असते, हे मला कुठल्या ट्रेडमध्ये शिकवलं नव्हतं.

आदेशाच्या आधी एकदा साहेब गाडी घेऊन स्वतः आले होते. मी तेव्हा पंपाची तपासणी करायला तिथेच होते. खुर्चीत कमलताई होत्या. साहेबांनी पिंजरा बघितला, खुर्ची बघितली. त्यांचा गोडवा पहिल्यांदाच किंचित आंबलेला दिसला.

“इथे काय करताय तुम्ही सगळ्या?”

कमलताईंनी सुपातला मटार बाजूला सारला.

“हवा खातोय, सायेब. या, तुमी पन बसा.”